बोर्ड सुरू झाला म्हणजे शिकून झालं का?



आजचा लेख थोडा तांत्रिक आहे, पण विषय शिकवण्याचा आहे. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या एम्बेडेड लॅबमध्ये आपण मुलांना छोट्या बोर्डवर लिनक्स चालवायला शिकवतो. कसं शिकवतो? एक तयार इमेज घ्यायची, मेमरी कार्डवर उतरवायची, कार्ड बोर्डात घालायचं, दिवा लुकलुकला की जर्नलमध्ये ‘निष्कर्ष : लिनक्स यशस्वीरीत्या स्थापित झाले’ असं लिहायचं. सही, शिक्का, प्रॅक्टिकल संपलं!

माझं स्पष्ट मत असं आहे की हे शिकवणं नाही, ही नुसती हातचलाखी आहे. मुलांच्या हातात तयार कार्ड देणं आपण बंद करायला हवं. निदान एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्याने बोर्ड नेटवर्कवरून सुरू करावा, आणि त्याची मूळ फाइल सिस्टीम, म्हणजे रूट फाइल सिस्टीम, दुसऱ्या संगणकावरून जोडून घ्यावी. असं का म्हणतो, ते सांगतो.

आधी माझी चूक

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. एका विद्यार्थिनीचा बोर्ड काही केल्या सुरू होईना. ती शांतपणे म्हणाली, “सर, दुसरं कार्ड द्या ना.” मी दिलं. बोर्ड सुरू झाला आणि मी तिला पूर्ण गुण दिले. जाताना सहज विचारलं, “काय झालं होतं गं?” ती म्हणाली, “कार्ड खराब होतं, सर.”

संध्याकाळी ते कार्ड मी पुन्हा घातलं आणि सिरियल केबल जोडून पाहिलं. कार्ड ठणठणीत होतं. आधीच्या बॅचमधल्या कोणीतरी सेटिंगच्या फाइलमध्ये विभागाचा क्रमांक एकच्या जागी दोन केला होता. कार्डावर दुसरा विभागच नव्हता, आणि कर्नेल बिचारं त्याची वाट बघत बसलं होतं. पडद्यावर तसं स्पष्ट लिहूनही येत होतं. एक आकडा बदलला की काम झालं असतं.

पुढे तीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. तिला विचारलं, “बटण दाबल्यापासून लॉगिन येईपर्यंत बोर्डात काय काय होतं?” तिला सांगता आलं नाही. परत आल्यावर ती माझ्याकडे आली. चिडली नव्हती, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, “सर, तुम्ही आम्हाला कधी बंद पडलेला बोर्ड दिलाच नाही.”

मित्रांनो, हे वाक्य मला फार लागलं. गुण मी दिले होते, नापास मात्र मीच झालो होतो.

नेटवर्कवरचं रूट म्हणजे नेमकं काय?

साध्या उदाहरणाने समजून घेऊ. वसतिगृहात राहणारी मुलं दोन प्रकारे जेवतात. काही जण खोलीतच शेगडी ठेवतात, तर काही जण मेसचा डबा लावतात. मेमरी कार्ड म्हणजे खोलीतली शेगडी. प्रत्येकाचा संसार वेगळा, आणि बिघडला तर तोही वेगवेगळा. नेटवर्कवरचं रूट म्हणजे मेस. पोट आपलंच, पण स्वयंपाकघर दुसरीकडे. बोर्डाचा प्रोसेसर आणि मेमरी टेबलावर असते. त्याच्या सगळ्या फाइली, प्रोग्राम आणि सेटिंग सर्व्हरवर असतात.

ही काही नवी टूम नाही, बरं का. नेटवर्क फाइल सिस्टीम, म्हणजेच एनएफएस, सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने १९८४ साली आणली. त्या काळी डिस्क महाग होत्या, म्हणून सनची डिस्क नसलेली वर्कस्टेशन याच पद्धतीने चालत. आज डिस्क स्वस्त झाली, पण शिकण्यासाठी आणि प्रोग्राम तयार करताना ही पद्धत अजूनही तितकीच उपयोगी आहे.

बोर्ड कसा सुरू होतो : पायरी पायरीने

उदाहरणासाठी बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड घेऊ. तो २०१३ मध्ये आला. ५१२ एमबी रॅम, १०० मेगाबिटचं इथरनेट, आणि कार्ड नसलं तरी चालेल अशी ईएमएमसी स्मृती बोर्डावरच बसवलेली. लॅबसाठी पुरेसा आहे.

१) सिरियल केबल. सगळ्यात आधी डोळे हवेत! बोर्डावर सहा पिनांची रांग आहे, तिथे यूएसबी-सिरियल केबल जोडायची. वेग ११५२००. एकाचा पाठवणारा पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनाला, आणि ग्राउंडला ग्राउंड. केबल ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टची लावली तर चिप जळू शकते. ज्या लॅबमध्ये ही केबल नाही, त्या लॅबमध्ये मुलं आंधळी कोशिंबीर खेळतात असं मी समजतो.

२) बूट लोडर. चिपच्या आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो. तो पुढचा प्रोग्राम उचलतो. पण चिपच्या आतल्या मेमरीत सुरुवातीला शंभर किलोबाइटच्या आसपासच जागा मिळते, म्हणून यू-बूट दोन हप्त्यांत येतं. आधी लहान भाऊ येऊन मोठी रॅम चालू करतो, मग त्या रॅममध्ये मोठा भाऊ उतरतो. आपल्या पद्धतीत यू-बूट बोर्डाच्या ईएमएमसीवरच ठेवायचं. बाकी सगळं नेटवर्कवरून आणायचं.

३) टीएफटीपी. यू-बूट सर्व्हरकडून दोन फाइली मागवतं. एक कर्नेल, दुसरी डिव्हाइस ट्री. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा समजा. कोणता भाग कुठल्या पत्त्यावर आहे, त्याचा उतारा. टीएफटीपी हा प्रोटोकॉल इतका साधा आहे की मुलांना तो फळ्यावर शिकवता येतो. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांत लिहितात. आता मुलांना गणित घाला : जास्तीत जास्त क्रमांक ६५५३५, प्रत्येकी ५१२ बाइट, तर क्रमांक संपेपर्यंत किती मोठी फाइल जाईल? उत्तर साधारण ३२ एमबी. काही मेगाबाइटचं कर्नेल त्यात आरामात बसतं.

४) कर्नेलला निरोप. यू-बूट कर्नेलला सुरू करताना एक ओळ हातात देतं. त्यात मुख्य गोष्टी चार : संदेश कोणत्या सिरियल पोर्टवर दाखवायचे, रूट एनएफएसवर आहे, सर्व्हरचा पत्ता आणि फोल्डर अमुक, आणि स्वतःचा आयपी पत्ता डीएचसीपीने घे. ही ओळ मुलांनी हाताने टाइप करावी. चुकू द्या! याच ओळीत सगळं शिक्षण आहे.

५) रूट जोडणं. कर्नेल पत्ता घेतं, सर्व्हरवरचं फोल्डर स्वतःचं मूळ म्हणून जोडतं आणि तिथला पहिला प्रोग्राम, इनिट, चालू करतं. थोड्या वेळात लॉगिन येतं.

बघा, पाच पायऱ्या. तयार कार्ड घातलं तरी यातल्या बहुतेक पायऱ्या होतातच, फक्त मुलांना त्या दिसत नाहीत. नेटवर्कवरून सुरू करताना प्रत्येक पायरी वेगळी होते, वेगळी दिसते आणि वेगळी बिघडते. माझ्या मते या पद्धतीचा सर्वात मोठा गुण हाच आहे.

बिघाड हाच धडा

पोहायला शिकवताना आपण पाण्याचं चित्र दाखवत नाही. इथेही तसंच. खालचे बिघाड आमच्या लॅबमध्ये झालेले आहेत. प्रत्येकाने काहीतरी शिकवलं.

● *कुलूपबंद घरात किल्ली.* एका गटाने इथरनेटचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून तयार केला. मॉड्यूलची फाइल कुठे? रूट फाइल सिस्टीमवर. रूट कुठे? नेटवर्कपलीकडे. नेटवर्क कशाने चालणार? त्याच ड्रायव्हरने! किल्ली घरात आणि घराला कुलूप. परिणाम, रूट जोडता येत नाही असा संदेश आणि कर्नेल पॅनिक. म्हणून इथरनेट, आयपी पत्ता मिळवणं आणि एनएफएस रूट हे तिन्ही कर्नेलच्या पोटातच हवेत. इनिट्रामएफएस वापरलं तर गोष्ट वेगळी, पण तो पुढचा धडा.

● *बसलेली फांदी तोडणं.* बोर्ड सुरू झाला, लॉगिन येणार एवढ्यात गोठला. का? आतल्या नेटवर्क सेवेने सवयीप्रमाणे इथरनेट एकदा बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं. पण त्या सेवेच्या फाइली त्याच इथरनेटवरून येत होत्या! शेखचिल्लीची गोष्ट आठवली ना? त्या सेवेला ‘या पोर्टला हात लावू नकोस’ असं सेटिंगमध्ये सांगावं लागतं.

● *पेन ड्राइव्हची करामत.* एका मुलाने रूटच्या फाइली घरच्या विंडोज संगणकावरून पेन ड्राइव्हने आणल्या. मालकी, परवानग्या, लिंक सगळं पुसलं गेलं. फाइली दिसत होत्या, पण काहीच चालेना. दप्तर आलं, नावं पुसली गेली! संग्रह सर्व्हरवरच आणि रूटच्या अधिकाराने उलगडायचा असतो, हे त्या दिवशी वर्गाला कळलं.

● *रूट असून रूट नाही.* एनएफएस सर्व्हर सुरक्षेसाठी समोरच्या रूटला सामान्य माणसासारखं वागवतो. बोर्डावर तुम्ही राजे असाल, सर्व्हरच्या दारात पाहुणेच. ती अट त्या फोल्डरपुरती काढावी लागते. ती का काढली आणि त्याचा धोका काय, हे मुलांकडून लिहून घ्यावं.

● *जुनी बोली.* जुन्या लेखांतली ओळ जशीच्या तशी उतरवली तर कर्नेल एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीने आणि यूडीपीवरून बोलायला जातं. आजचे सर्व्हर बहुधा ते ऐकतच नाहीत. ओळीत तिसरी आवृत्ती आणि टीसीपी असं स्पष्ट लिहिलं की सुरळीत होतं. नक्कल करताना अक्कल लागते, ती अशी.

यातला एकही बिघाड बोर्ड कायमचा बिघडवत नाही. सर्व्हरवरचं फोल्डर पुसून मूळ प्रत पुन्हा ठेवली की झालं, पाच मिनिटांत बोर्ड नवाकोरा. म्हणूनच मी म्हणतो, ही पद्धत मुलांना मोडतोड करायचा हक्क देते. सरकारी खर्चाच्या सामानाला हात लावायची भीती मुलांच्या मनात किती असते, हे आपल्याला ठाऊक आहे. “मोडलं तर भरून द्यावं लागेल का, सर?” हा प्रश्न ज्या लॅबमध्ये ऐकू येतो, तिथे शिक्षण होत नाही.

आणखी फायदे

वीज जाण्याचं दुखणं आपल्याकडे नवीन नाही. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की कधीकधी कार्डच बसतं. नेटवर्क पद्धतीत फाइली सर्व्हरवर असतात, आणि एका सर्व्हरला यूपीएस लावणं दहा बोर्डांना लावण्यापेक्षा सोपं. अर्धवट लिहिलेली एखादी फाइल जाईल, पण घर शाबूत राहील.

दुसरं, वेळ. संगणकावर मुलाने प्रोग्राम लिहिला, बोर्डाच्या प्रोसेसरसाठी कंपाइल केला, फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवली की त्याच क्षणी ती बोर्डावर दिसते. कार्ड काढा, वाचकात घाला, उतरवा, परत घाला, हा व्याप नाही. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चारऐवजी वीस प्रयत्न होतात. शिकणं प्रयत्नांच्या संख्येवर अवलंबून असतं, शिक्षकाच्या भाषणावर नाही.

आक्षेप आणि माझी उत्तरं

*“सर्व्हर बंद पडला तर सगळा वर्ग बसेल.”* खरं आहे. मेस बंद तर सगळे उपाशी. म्हणून दुसऱ्या संगणकावर त्याच फोल्डरची प्रत तयार ठेवावी. शिवाय सगळ्या बोर्डांना एकच फोल्डर लिहायच्या परवानगीसह देऊ नये. ते एकमेकांच्या नोंदी पुसतात. प्रत्येक बोर्डाला वेगळं फोल्डर द्यावं.

*“अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे?”* मला तीन प्रॅक्टिकल लागली. पहिल्यात फक्त सिरियल केबल आणि यू-बूट. दुसऱ्यात टीएफटीपी आणि कर्नेल. तिसऱ्यात एनएफएस. आधी याच तीन तासिका मुलं कार्डाची प्रगतीपट्टी शंभर टक्के होण्याची वाट बघण्यात घालवत होती.

*“कंपनीत कुठे असं वापरतात? वस्तू तर ईएमएमसीवरूनच चालते.”* विकायच्या वस्तूत नेटवर्कचं रूट नसावं, हे मलाही मान्य आहे. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर आयपी पत्ता बघून विश्वास ठेवतो, ते बाहेरच्या जगात चालणार नाही. पण घर बांधताना पहाड लागतो, राहायला गेल्यावर काढतात. पहाड कायम ठेवायचा नसतो, म्हणून तो निरुपयोगी होत नाही. सगळं नीट चाललं की तेच फोल्डर ईएमएमसीवर उतरवायचं, हा चौथा प्रयोग ठेवा.

*“शिक्षकालाच येत नसेल तर?”* हा खरा आक्षेप, आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. मलाही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी लॅबचा डीएचसीपी सर्व्हर कॉलेजच्या मुख्य नेटवर्कवरच चालू केला. अर्ध्या तासात ऑफिसातले संगणक माझ्या सर्व्हरकडून पत्ते घेऊ लागले आणि पगारबिलाची छपाई थांबली. मामा धावत आले, “सर, तुमच्या लॅबमध्ये काहीतरी चालू केलंय का?” सगळ्या मुलांसमोर मी कबूल केलं की चूक माझी. मग आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं की दोन डीएचसीपी सर्व्हर एका नेटवर्कवर आले की काय होतं. त्या दिवशी मुलं जे शिकली, ते माझ्या कुठल्याही व्याख्यानातून शिकली नसती. दुसऱ्या दिवशी एक साधा वेगळा स्विच आणला आणि लॅबचं नेटवर्क पूर्ण तोडून ठेवलं. तुम्हीही आधी हेच करा.

माझी विनंती

शिक्षक मित्रांनो, परीक्षेत ‘बोर्ड सुरू झाला का’ याला गुण देऊ नका. सुरू होतानाचा सिरियल पडद्यावरचा मजकूर छापून हातात द्या, त्यातली एक ओळ बिघडवा, आणि विचारा, कोणत्या पायरीवर थांबलं? का? तुम्ही काय बदलाल? असा पेपर काढायला अर्धा तास लागतो. खर्च शून्य.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या कॉलेजात अजून तयार कार्डच मिळत असेल तर रुसून बसू नका. एक सिरियल केबल आणि एक जुना संगणक पुरतो. कार्ड काढा, बोर्ड चालू करा आणि पडद्यावर काय लिहून येतं ते ओळ न् ओळ वाचा. बोर्ड बंद पडला की आधी ‘दुसरं कार्ड द्या’ म्हणू नका. तो काय सांगतोय ते विचारा. तो प्रत्येक वेळी काहीतरी सांगत असतो.

त्या विद्यार्थिनीला नंतर दुसरीकडे नोकरी मिळाली. जाण्याआधी ती आठवडाभर लॅबमध्ये येऊन बसली होती. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम एक बोर्ड बिघडवून तिच्यापुढे ठेवला. तिने कार्ड मागितलं नाही, केबल मागितली. तिला गुण द्यायला तेव्हा माझ्याकडे कुठला तक्ता नव्हता, पण माझी परीक्षा मी त्या दिवशी पुन्हा दिली असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी आपल्या लॅबमध्ये निदान एक बोर्ड तरी नेटवर्कवरून सुरू करून बघा. बिघडेल. बिघडू द्या!